डावा हात खिशात

सकाळी सव्वानऊ. गेम पार्लरचं शटर अर्धंच वर आहे आणि मिस्त्री ‘भुताचा बंगला’च्या मागे उकिडवे बसून झाकणाचा शेवटचा स्क्रू काढत आहेत.

‘भुताचा बंगला’ हा जुन्या घडणीचा व्हिडिओ पिनबॉल. पडद्यावर पडका बंगला, चेंडूच्या जागी कवटी आणि ती उडवायला हाडांचे दोन हात. पेटीच्या दोन्ही अंगांना बटणं असतात, ती दाबली की हे हात हलतात. कवटी खाली निसटली की तळघराचं दार उघडून एक म्हातारी हसते. पोरं किंचाळतात आणि पुन्हा नाणं टाकतात. पार्लरमध्ये अशी दोन मशीन शेजारीशेजारी आहेत. एकाचं चित्र कालपासून गेलंय, पडद्यावर नुसती आडवी रेघ उरली आहे.

मिस्त्रींना म्हातारीची भीती वाटत नाही. भीती वाटते ती पडद्यामागच्या पिक्चर ट्यूबची. जुन्या टीव्हीत असायची तशीच ही काचेची ट्यूब प्लग काढल्यावरही पोटात वीज धरून बसते. मागे एकदा तिने त्यांना भिंतीवर फेकलं होतं.

“पोरांना भुताची भीती, आमच्या मिस्त्रीला टीव्हीची,” मालक गिऱ्हाइकांना सांगतात. मिस्त्री हसत नाहीत.

त्या झटक्यापासून त्यांची बोटं थरथरतात. म्हणून आज ट्यूबमधली वीज काढायचं काम पहिल्यांदाच त्यांची मुलगी करणार आहे. नियम एकच: एक हात आत, दुसरा खिशात. दोन्ही हात आत गेले तर विजेला छातीतून वाट मिळते.

“डावा हात?” मिस्त्रींनी विचारलं.

“या कुर्त्याला खिसाच नाही. मागे धरते.”

“मागे धरलेला हात पुढे यायला किती वेळ लागतो?”

“बाबा, हात माझाच आहे. पळून नाही जाणार.”

तिने स्क्रूड्रायव्हरला बांधलेल्या वायरचं दुसरं टोक लोखंडी चौकटीला अडकवलं आणि पातं ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवलं. ‘टिक’ असा बारीक आवाज होऊन वीज चौकटीत उतरली.

“झालं.”

“थोडं थांब आणि पुन्हा लाव. ती परत भरते.”

“आता रिकामी झाली की. तुम्ही उगाच घाबरता.” स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून ती टोपी काढायला वाकली.

तेवढ्यात मालक आले आणि रोजच्यासारखं त्यांनी पार्लरचं मेन बटण दाबलं. उघडलेल्या मशीनचा प्लग काढलेला होता, पण शेजारचं जोडमशीन जागं झालं. सुरू होताना ते आधी म्हातारीलाच हसवतं.

ही मुलगी लहानपणी याच पार्लरमध्ये स्टुलावर उभी राहून हा खेळ खेळत मोठी झाली. म्हातारी हसली की दोन्ही हात बटणांवर, ही तिच्या अंगात मुरलेली सवय. उजवी बोटं टोपीपाशी होती आणि डावा हात पाठीमागून सुटून थेट चौकटीकडे गेला.

मिस्त्रींनी तिच्या कुर्त्याची पाठ धरून तिला मागे ओढलं. दोघंही फरशीवर आपटली.

मिस्त्री उठले. एक हात खिशात घालून, थरथरत्या बोटांनी त्यांनी पातं पुन्हा टोपीखाली सरकवलं. पुन्हा ‘टिक’ झालं.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली.

“काय हो, भूत दिसलं का?” मालकांनी काउंटरवरून विचारलं.

“दिसलं,” मिस्त्री म्हणाले. “उद्या आम्ही सांगेपर्यंत मेनला हात लावू नका.”

दुरुस्ती उद्यावर टाकून त्यांनी झाकण तसंच परत बसवलं. समोरच्या शिंप्याचं दुकान दहाला उघडतं. मुलगी घरी जाऊन कपडे बदलून तिथे हा कुर्ता टाकणार आहे, डाव्या बाजूला खोल खिसा लावायला. संध्याकाळपर्यंत देतो, असा शिंप्याचा शब्द असतो. उद्या सव्वानऊला तीच ट्यूब, तीच मुलगी.