तरंगते ते अभ्रक

चार माणसं दर हिवाळ्यात एकाच जागी जाऊन एकच काम करत असली, का किस्से बनवा लागत नाहीत. घरातल्या जुन्या डब्यांसारखे ते आपोआप जमा होतात, अन् फेकाचे म्हटलं तं फेकवत नाहीत. आमच्या खदानीचं तसंच झालं आहे. यंदा डॉक्टरनं मले थंड पाण्यात पाय घालाले मनाई केली. म्हणून मी किरनापुरात आपल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात बसलो आहे अन् बाकीचे तिकडे नाल्यावर तंबू ठोकून बसले आहेत. खरं सांगतो, मन लागत नाही. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता जराशी चमकली, का मले नाल्याची रेती दिसते. तं म्हटलं, जाता येत नाही तं निदान सांगून तरी घ्यावं.

खदान म्हटलं म्हणून मशीन अन् ट्रक डोळ्यापुढे आणू नका. लांजीच्या अंगाले जंगलात एक नाला आहे. त्याच्या काठाले कोण्या जमान्यात कोणीतरी खोदून सोडलेला माणूसभर खोल खड्डा आहे, तीच आमची सोन्याची खदान. त्यातली रेती उपसाची, लाकडाच्या उथळ परातीत घ्याची अन् नाल्यात बसून गोल गोल हलवत धुवाची. हलकं पाण्यासंग जाते, जड बुडाशी राहते. नशीब असलं तं शेवटी बुडाशी एखादा पिवळा कण दिसते, मोहरीच्या टरफलाएवढा. नसलं तं आंघोळ झाली समजा.

आम्ही म्हणजे चार जण. दामूभाऊ आमचा मुखिया. त्यानं जिंदगीभर तिरोडीच्या मॅंगनीजच्या खदानीत नोकरी केली, आता रिटायर होऊन बालाघाटले राहते. दुसरे पटले गुरुजी, रिटायर मास्तर. तिसरा बबलू, त्याची पिकअप आहे. मराठी त्याले सारी समजते, पण बोलते हिंदीच. अन् चौथा मी.

एकदा म्या दामूभाऊले विचारलं, "काहून जी भाऊ, जिंदगीभर खोदलं, अजून मन नाही भरलं?"

तं म्हणे, "तिकडे काळा गोटा काढला, तो बी दुसऱ्याचा. एखाद वेळ पिवळं काढून पाहू द्या नं, आपलं."

*

पहिल्याच साली गुरुजी सकाळी लोटा घेऊन नाल्याच्या वरच्या अंगाले गेले अन् लोटा तिथंच टाकून धावत परत आले. हातात रुमालाची पुरचुंडी. तंबूत शिरले, पडदा लावला अन् एकदम बारीक आवाजात म्हणे, "कोणाले सांगू नका. पुरा काठ भरला आहे."

रुमाल उघडला तं निरा चकचकाट! बबलू तं हात जोडूनच उभा राह्यला.

दामूभाऊनं चिमूटभर घेतलं अन् पाण्याच्या गिलासात टाकलं. सारं वरच्या वर तरंगत राह्यलं. "गुरुजी, हे अभ्रक आहे," तो म्हणला. "तरंगते ते अभ्रक, बुडते ते सोनं. एवढं ध्यानात ठेवा."

गुरुजीनं रुमाल झटकला अन् म्हणे, "चमकते ते सारंच सोनं नसते, हे वाक्य म्या पोट्ट्यायकडून किती खेपा लिहून घेतलं असन!"

बबलू म्हणे, "गुरुजी, पहले लोटा ले आओ. वो तो असली पीतल का है."

*

तेलाचा किस्सा बबलूचा. एका सकाळी त्यानं भजे तळले अन् काढाले भांडं नाही म्हणून रेती धुवाच्या परातीतच काढले. भजे झकास झाले होते, त्याले मी नाही म्हणत नाही. खाऊन झाल्यावर परात वरवर खंगाळली अन् लागलो कामाले. दिवसभर खपलो, पण कण म्हणून दिसला नाही. तोच खड्डा, तीच रेती, अन् आदल्या दिवशी तं चांगलं दिसून राह्यलं होतं.

दुपार कलल्यावर दामूभाऊनं परात उचलून नाकाले लावली. "बबलू, हिच्यात काय केलं बे तू?"

मग त्यानं आम्हाले समजावलं. आपल्या नाल्यात सोनं येते ते निरा बारीक, कोंड्यासारखं. त्याले तेल लागलं का ते पाण्यात बुडत नाही, जड असून बी वर तरंगते अन् कचऱ्यासंग वाहून जाते. त्या दिवसापासून खदानीचा कायदा झाला. नाल्यात उतराच्या आधी चुलीतल्या राखेनं हात घासाचे अन् परात बी घासाची. कोणी डोक्याले तेल चोपडून आला, तं त्यानं त्या दिवशी स्वयंपाकाले बसाचं.

बबलूले लय वाईट वाटलं. "घर पे किसी को मत बताना भैया," म्हणून त्यानं एकेकाचे पाय धरले. दामूभाऊनं तोंडावर बोट ठेवून कबूल केलं, अन् दामूभाऊचा शब्द म्हणजे शब्द. घरी एवढं सारं सांगे तो, पण तेलाची गोष्ट त्यानं कधीच सांगितली नाही.

जेवताना बबलूनं हळूच विचारलं, "सोना तो गया. पर भजिये कैसे थे?"

*

एकदा एक शेळ्यावाली म्हातारी काठावर येऊन उभी राह्यली. पाहून राह्यली, पाहून राह्यली. मग म्हणे, "काय करून राह्यले बापा?"

"सोनं काढून राह्यलो माय," दामूभाऊ म्हणला.

"निंगालं?"

"थोडकं."

तिनं आमच्याकडे नीट पाह्यलं. पँटी गुडघ्यावर, नाकाले चिखल, गुरुजीच्या चष्म्याले दोरी. "कामधंदा नाही का तुम्हाले?"

"पेन्शन आहे," गुरुजी म्हणले.

"मंग घरी बायका नाहीत?"

"आहेत नं."

म्हातारीनं ओटीतली मूठभर बोरं काढली अन् गोट्यावर ठेवली. "खा. अन् सांजच्याले आपापल्या घरी जा. बायका काही इतक्या वाईट नसतात."

ती गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो. दामूभाऊ हसला नाही. बोर चघळत नाल्याकडे पाहून म्हणे, "वाईट कायची? तिले आणाचंच तं आहे मले इथं."

*

मग आम्हाले उमगलं. दामूभाऊले सोन्याचा लोभ नव्हता. त्याचा जीव अडकला होता सुशीलावहिनीत, म्हणजे त्याच्या बायकोत.

लग्न झाल्यापासून हा माणूस खदानीच्या पाळ्या करत राह्यला. तो घरी आला का वहिनी चुलीपाशी, ती मोकळी झाली का हा ड्युटीवर. रिटायर झाला तवा त्याले वाटलं, आता दोघं मिळून कुठं तरी बसू. अन् त्याच्या मनातलं कुठं तरी म्हणजे हा नाला. घरी गेला का वहिनीपुढे पाट घेऊन बसे अन् सारं सांगे: परात कशी हलवाची, पाणी कसं सोडाचं, तरंगते ते अभ्रक, बुडते ते सोनं. वहिनी सुपातले तांदूळ निवडत राहे. मान वर करत नसे. "हौ," म्हणे. "हौ." मी दोन-चार खेपा तिथं बसलेलो आहे, मले बी वाटलं का हिचं लक्ष नाही.

"यंदा येतं का मंग?" हा विचारे.

"गुडघे दुखतात जी. पुढच्या साली पाहू."

गुडघ्याचं तेल तिच्या हाताशीच राहे. उठताना तेल, बसताना तेल. दामूभाऊ मुकाट्यानं उठे अन् आमच्यासंग एकटाच येई.

नाल्याच्या काठाले एक गोटा आहे, सपाट, पाठ टेकाले मागं अर्जुनाचं झाड. तो गोटा त्यानं वहिनीसाठी राखून ठेवला होता. दर साली आल्या आल्या झाडून घे. एकदा बबलू चाय घेऊन त्याच्यावर बसला, तं दामूभाऊनं त्याले बखोटी धरून उठवलं.

"भैया, भाभी तो आई ही नहीं है!"

"येईन तवा काय उभी राहीन का ती?"

त्यानंतर त्या गोट्यावर कोणी बसलं नाही. थंडीत ऊन पह्यले तिथंच येते, तरी बी नाही.

*

निंगालेलं सोनं आम्ही सारं दामूभाऊच्याच शिशीत टाकत गेलो. होमिओपॅथीच्या गोळ्यायची शिशी, बोटाच्या पेराएवढी. कोणी ठरवलं नव्हतं तसं. गुरुजीनं एकदा आपला कण त्याच्या शिशीत टाकला अन् मग तोच रिवाज झाला.

ती शिशी घेऊन दामूभाऊ मले बालाघाटच्या एका सोनाराकडे घेऊन गेला. सोनारानं भिंग लावून पाह्यलं अन् म्हणे, "एवढ्या साऱ्या हिवाळ्यायचं हेच का? नाकातली चमकी होईन एक. बारकीच."

मले वाटलं दामूभाऊ हिरमुसला होईन. तो तं खुशीनं फुलला. "होते नं पण?"

"होते. करून देऊ?"

"नाही," म्हणे, अन् शिशी खिशात घातली. बाहेर येऊन मले सांगते, "असं आयतं दिलं तं ती डब्यात ठेवून देईन अन् पुन्हा तांदूळ निवडाले बसन. तिच्या स्वतःच्या हातानं निंगाले पाहिजे. नाल्यावर, तिच्या परातीत. मंग तिले समजन मी काहून जातो तं." रस्त्यात उभा राहून तो मोठा माणूस डोळे पुसून राह्यला होता, अन् ऑटोवाले मागून हॉर्न मारून राह्यले होते.

*

अन् मागच्या हिवाळ्यात वहिनी आली.

कोणी म्हटलं नाही, कोणी आग्रह केला नाही. आम्ही दामूभाऊच्या दारापुढे पिकअपमधी सामान भरून राह्यलो होतो. वहिनी लुगडं बदलून, पिशवी घेऊन बाहेर आली अन् म्हणे, "मी बी येते." दामूभाऊच्या हातातून तंबूचे खुंटे पडले.

पिकअप नाल्यापर्यंत जात नाही, शेवटी पायवाटेचा उतार आहे. म्हणून वहिनीले प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. मागून मी अन् बबलू, पुढून गुरुजी अन् दामूभाऊ. दामूभाऊ एका हातानं खुर्ची धरे अन् दुसऱ्या हातानं तिच्या तोंडापुढच्या फांद्या हटवे. वहिनी म्हणे, "पाडसान जी मले." पण हसून राह्यली होती.

गोट्यावर तिले बसवलं. मागं झाड, पुढे नाला. तिनं इकडे तिकडे पाह्यलं, पाण्याकडे पाह्यलं. "असं आहे तं," एवढंच म्हणली. आम्ही चूल मांडाच्या नावानं बाजूले सरकलो.

उतारानं तिचे गुडघे ठणकले होते. बबलूनं लगबगीनं पिशवीतली तेलाची शिशी काढून दिली. ती तेल चोळत बसली, अन् तिकडे खड्ड्याच्या आड दामूभाऊनं परातीत रेती भरली अन् आपली सोन्याची शिशी तिच्यात रिकामी केली. आम्हाले डोळा मारला. मग त्यानं वहिनीले हात धरून पाण्याच्या कडेले बसवलं अन् परात आणून तिच्या मांडीवर ठेवली.

राखेची कोणालेच याद आली नाही. आम्ही चारही जण तिच्या तोंडाकडेच पाहत होतो.

वहिनीनं परात पाण्यात बुडवली. काही शिकवा लागलं नाही. गोल गोल, जराशी पुढे झुकवून, मग थांबून, दामूभाऊचीच चाल जशीच्या तशी. माती गेली, खडे गेले. दामूभाऊ तिच्या मागं वाकून उभा होता.

तेवढ्यात म्या पाह्यलं. परातीतल्या पाण्यावर तेल पसरलं होतं, लाल-निळं. अन् त्या तेलावर पिवळे पिवळे कण तरंगून राह्यले होते. आमचे इतक्या हिवाळ्यायचे, सारेच्या सारे. दामूभाऊले बी ते दिसलं. त्यानं बोलाले तोंड उघडलं.

त्याच्या आधी वहिनीच बोलली. "हे पाहा, अभ्रक." अन् भातावरचा फेस काढावा तसा तिनं तळहातानं वरचा सारा चकचकाट परातीबाहेर सारला. राह्यलासाह्यला बोटानं टिपून नाल्यात झटकला. पाणी त्याले घेऊन गेलं.

मग तिनं परात त्याच्यापुढे धरली. बुडाशी निरी काळी रेती होती.

"तरंगते ते अभ्रक, बुडते ते सोनं," वहिनी म्हणली. "तुम्हाले वाटे मी ऐकत नाही. सारं ऐकत होती मी, तांदूळ निवडता निवडता. बरोबर केलं नं जी?"

बबलूनं माह्या दंडाले गच्च धरलं. गुरुजी चष्मा काढून पुसाले लागले.

दामूभाऊनं रिकामी शिशी खिशात ढकलली अन् कपड्यासकट तिच्या बाजूले पाण्यात बसला.

"बरोबर केलं," तो म्हणला. "एकदम बरोबर."