दिव्यांची नवकंकरी

"खडे उचलता येत नाहीत त्याले," रामभाऊ तायडे म्हणाले आणि त्यांनी काउंटरवर एक पाटी ठेवली. "खड्याच्या जागी दिवे लावून खेळता येईन, असं काही करून देता काय?"

पाटीवर खडूने एकात एक असे तीन चौकोन आखलेले होते. माझ्यासमोर एक रेडिओ पोट उघडून पडला होता आणि हातात सोल्डरिंग आयर्न तापलेलं होतं. मी तसाच पाटीकडे बघत राहिलो.

ही साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीच्या एका रेडिओच्या दुकानात मी मेकॅनिक होतो. व्हॉल्व्ह बदलणं, जळालेला ट्रान्सफॉर्मर भरून देणं, खेड्यातून आलेल्या बॅटरी सेटमधली झुरळं झटकणं, असली आमची कामं. आमचे मालक गल्ल्यावरूनच बोलले, "तायडेसाहेब, आमी रेडिओवाले. खेळणे जत्रेत भेटतात."

"खेळना नाही हो पाह्यजे मले. माह्या दोस्ताले जागा करणारं काही पाह्यजे," रामभाऊ म्हणाले.

रामभाऊ रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. राहायचे मूर्तिजापूरला. त्यांचे दोस्त म्हणजे आमच्याच गावातले नानासाहेब वकील. दोघं लहानपणी अकोल्याच्या शाळेत एका वर्गात होते. एका वर्गात म्हणजे नानासाहेब आत आणि रामभाऊ दाराबाहेरच्या ओट्यावर. तेव्हा तशीच रीत होती. मधल्या सुट्टीत नानासाहेब बाहेर येत आणि ओट्यावर कोळशाने आखलेल्या नवकंकरीवर दोघं खेळत. पुढे एक वकील झाला, एक गार्ड झाला, पण खेळ सुटला नाही. दर रविवारी रामभाऊ गाडीने बडनेऱ्याला उतरत, तिथून अमरावतीला येत आणि संध्याकाळपर्यंत वकिलांच्या ओसरीवर डाव चाले.

ज्यांना नवकंकरी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन चौकोनांवर मिळून चोवीस जागा असतात. दोघांकडे नऊ-नऊ खडे. आपले तीन खडे एका ओळीत आणले की समोरच्याचा एक मारायचा. ज्याचे दोनच उरले तो हरला. खेळ एवढाच.

पावसाळ्यात नानासाहेबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. डावा हात हले, पण थरथरे. रामभाऊंनी धीर करून एकदा पट मांडला, तर नानासाहेबांच्या हाताचा धक्का लागून सगळे खडे ओसरीभर उडाले. त्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून पडत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की उजव्या हाताची बोटं अजून मेलेली नाहीत, पण स्वतःहून हलवली नाहीत तर थोड्याच दिवसांत कायमची आखडतील. त्यांच्या हातात पेन्सिल दिली, रबराचा चेंडू दिला. नानासाहेबांनी दोन्ही खाली टाकले.

"मी रविवारी जातो, बसतो, वापस येतो," रामभाऊ म्हणाले. "माह्याकडे पाहत बी नाही तो."

मालकांनी खाली मान घालून पेन पुसलं आणि मला म्हणाले, "पाह्य काय होते तं. पन रेडिओचं काम मागं पडू देऊ नको."

काम मला आवडलं होतं, हे खरं. प्लायवूडची एक मोठी पेटी केली. वरच्या फळीवर तीन चौकोन रंगवले. प्रत्येक जागेवर टॉर्चचे दोन बारके बल्ब बसवले, एक लाल, एक हिरवा. हिरवे नानासाहेबांचे, लाल रामभाऊंचे. दोन्ही बाजूंना ज्याचे त्याचे स्विच. खडा ठेवायचा म्हणजे स्विच वर करायचा. मेला की खाली. नानासाहेबांच्या स्विचला लाकडाच्या जाड मुठी लावल्या, म्हणजे थरथरता हातही नुसता टेकवला तरी काम व्हावं.

शिवाय मी एक अक्कल लढवली. पेटीवर पत्र्याची एक सरकती पट्टी बसवली. ती डावीकडे सरकवली की फक्त नानासाहेबांचे स्विच हलणार, रामभाऊंचे अडकणार. उजवीकडे सरकवली की उलट. आपली पाळी नसताना कुणाला काही करताच येऊ नये, अशी सोय. याला इंटरलॉक म्हणतात. रामभाऊंनी ते पाहिलं आणि खूश झाले.

"हे तं आमच्या सिग्नल केबिनसारखं झालं. एक लिव्हर ओढला का दुसरा जाम. अपघात होतच नाही."

मीही खूश झालो.

पहिल्या रविवारी पेटी वकिलांच्या खाटेला लावून ठेवली. बटण दाबलं, दिवे लागले, आणि नानासाहेबांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे माई, पदराने डोळे पुसत आत गेल्या. नानासाहेब खेळले आणि जिंकले. मी दुकानात येऊन मालकांसमोर जरा छाती काढूनच बसलो.

पुढच्या रविवारीही ते जिंकले. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी अर्ध्या डावात हात काढून घेतला आणि पुन्हा भिंतीकडे वळले. सोमवारी सकाळी रामभाऊ दुकानाच्या पायरीवर बसलेले. रात्री ते मूर्तिजापूरला गेलेच नव्हते.

"मिस्त्री, मशीनमंधी काही फॉल्ट हाय काय?"

फॉल्ट काहीच नव्हता. मी जाऊन एकेक कनेक्शन तपासलं. शेवटी म्हटलं, तुम्ही खेळा, मी नुसता बघतो. रामभाऊंनी कशीबशी समजूत घालून नानासाहेबांना उशाला टेकवून बसवलं. डाव सुरू झाला. रामभाऊ एक दिवा लावत आणि पट्टी सरकवून देत. "तुमची पाळी," असं अगदी हळू म्हणत. नानासाहेब मूठ टेकवत. पुन्हा पट्टी. मला खेळातलं फार कळत नाही, पण रामभाऊ तिसरा दिवा मुद्दाम भलतीकडे लावतात हे मलाही दिसलं. वकिलांना दिसलं नसेल? त्यांनी एकदा रामभाऊंकडे असं पाहिलं की मीच नजर खाली घातली. दवाखान्यात भेटायला आलेली माणसं बोलतात तसा तो खेळ चालला होता.

चहा घेऊन आलेल्या माई दारातच थांबल्या. "मिस्त्री, तुमची पेटी चांगली आहे हो," त्या म्हणाल्या. "पण फार सभ्य आहे. यांचा खेळ असा नव्हता."

"कसा होता?"

"हे पानाचा डबा उघडायला वळले की रामभाऊ खडा सरकवायचे. मग हे ओरडायचे, चोर आहेस, शाळेपासूनचा चोर आहेस. कोर्टात उभं राहावं तसे आरोप करायचे. एकदा शेजारचे लोक भांडण सोडवायला आले होते. संध्याकाळी दोघांचे घसे बसलेले, आणि जेवण दुप्पट."

रामभाऊ गुन्हेगारासारखे बसून होते. "माई, आता बीमार मानसासंग चोरी कशी करू मी?"

"तुम्ही त्यांना बीमार मानून राहिलात," माई म्हणाल्या, "तेच त्यांना लागलं आहे."

रामभाऊंनी पेटीवरचा हात काढून घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुले सांगतो मिस्त्री. शाळेत बाकीचे पोरं मले हात लावत नव्हते. हा येऊन माह्या मुठीतला खडा हिसकून घे. तवा मले वाटे, हा आपला दोस्त."

नानासाहेबांचे डोळे भरून आले होते. माझेही आले. आज माझी नात मैत्रिणीला शेजारी बसवून टीव्हीवर गाड्या पळवते. दोघी खेळतात कमी आणि एकमेकींना कोपराने ढोसतात जास्त. मी विचारलं, एकटी मशीनशी का खेळत नाहीस? म्हणाली, "आबा, मशीनला हरवलं तर ते चिडत नाही ना." हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. मी रेल्वेसारखा अपघात होऊ न देणारा खेळ केला होता, आणि त्या दोघांना अपघातच हवे होते.

मी स्क्रूड्रायव्हर काढला आणि पत्र्याची पट्टी तिथल्या तिथे उखडून टाकली. दुसऱ्या दिवशी दुकानातून एक इलेक्ट्रिक घंटी आणून पेटीत बसवली. तिचं बटण नानासाहेबांच्या डाव्या हाताखाली दिलं. त्यांना समजावलं, "साहेब, आता कुणालाही कधीही काहीही करता येतं. ऑब्जेक्शन असेल तर ही वाजवा."

रविवारी मी मुद्दाम गेलो. डाव सुरू झाला. माईंनी औषध आणलं, नानासाहेबांनी ते घ्यायला मान वळवली. रामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम आला होता त्यांच्या. मग बोट हळूच पुढे गेलं आणि पाळी नसताना एक लाल दिवा लागला.

नानासाहेबांनी औषध गिळलं. पेटीकडे पाहिलं. सगळ्या चौकोनांवरून एकदा नजर फिरवली.

आणि घंटी वाजली. वाजली म्हणजे त्यांनी बटणावरचा हात काढलाच नाही. आतल्या खोलीतून मोलकरीण धावत आली. रामभाऊ उठून उभे राहिले आणि ओरडले, "चोर कोनाले म्हनतं बे? पुरावा दाखव." नानासाहेबांचं तोंड एका बाजूला वाकडं होतं, त्या वाकड्या तोंडातून घरघरल्यासारखा आवाज येऊ लागला. मी घाबरलो. माईंनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "हसताहेत."

पुढचे सगळे रविवार गल्लीला घंटी ऐकू येऊ लागली.

महिनाभराने तक्रार आली. रामभाऊ दुकानात शिरले तेच तावातावाने. "मिस्त्री, कसलं काम करतं तू? ऐन डावात माहा लाल दिवा गेला. दिवा नाही तं खडा नाही, म्हनते तो. हरलो ना मी."

जाऊन पाहिलं. बल्ब शाबूत होता, होल्डरमध्ये अर्धा आटा फिरून सैल झाला होता. घट्ट केला. पुढच्या रविवारी दुसरा लाल बल्ब सैल. मग तिसरा. मला आश्चर्य वाटलं ते याचं की हिरवा एकही सैल होत नव्हता. मालक चेष्टा करू लागले, "तुहं सोल्डरिंग जात पाहून धरते काय रे?"

एका रविवारी मी असाच पेटीजवळ खाली बसून हत्यारं काढत होतो. रामभाऊ पाणी प्यायला आत गेले होते. मान वर केली तर नानासाहेबांचा उजवा हात फळीवरून सरपटत चालला होता. डाव्या हातावर रामभाऊंची कायम नजर असे, कारण तो घंटीवर असायचा. उजव्याकडे बघायची कुणाला सवयच राहिली नव्हती. तो हात लाल बल्बापाशी थांबला. अंगठा आणि एक बोट मोठ्या कष्टाने जवळ आले, बल्ब चिमटीत धरला आणि फिरवला. लाल दिवा विझला.

पेन्सिल न धरणारी तीच बोटं. माझ्या हातातला पाना तसाच राहिला. नानासाहेबांनी मला पाहिलं आणि डावं बोट ओठांवर ठेवलं. मी मान हलवली.

रामभाऊ आले. "गेला ना पुन्हा?"

"लूज झालाय," मी म्हणालो. "होल्डर हलके निघाले. माझीच चूक."

मी कधी कामाला नाव ठेवून घेतलं नव्हतं. तिथे मात्र दर वेळी ठेवून घेतलं. बल्ब घट्ट करायचो आणि निघून यायचो. माई सांगत की हे आता स्वतःच्या हाताने भाताचा घास घेतात, सांडतात, पण घेतात. बोलणं शेवटपर्यंत आलं नाही. त्याचं काम घंटीने केलं.

नानासाहेब त्यानंतर काही वर्षांनी गेले. तेराव्यानंतर रामभाऊ सायकल रिक्षातून पेटी घेऊन दुकानात आले. "ठेव तुह्यापाशी," म्हणाले. "एकट्याले काय कामाची." मी त्यांना चहा दिला. आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून सांगून टाकलं की होल्डर चांगले होते, बल्ब वकीलसाहेबच सैल करायचे.

रामभाऊंनी कप खाली ठेवला. "मी गार्ड होतो ना बाप्पा. सारी जिंदगी दिवे पाहन्यात गेली. दिवा कोन विझोते, थे मले समजत नाही काय?"

"मग मला दर वेळी शिव्या देऊन बोलवत का होता? तुम्हीच घट्ट करायचा होता."

"मी घट्ट केला असता तं त्याले समजलं असतं का मले मालूम हाय. मंग चोरीत मजा काय राहिली?" ते पेटीवरचे दिवे बोटाने चाचपत म्हणाले. "अन् तू येऊन घट्ट नसता केला, तं पुढच्या रविवारी त्यानं ढिला काय केला असता?"

दुकानात रेडिओ चालू होता, तो मी बंद केला. आमच्या धंद्यात फॉल्ट दिसला की काढायचा, एवढंच शिकवतात. काही फॉल्ट दर रविवारी परत यायला हवे असतात, हे मला त्या गार्डने शिकवलं. पेटी अजून माझ्याकडे आहे. एक लाल बल्ब अर्धा आटा सैल आहे, तो मी घट्ट केलेला नाही.