मापबाईंचा चुकलेला अंदाज

बाजाराच्या रस्त्यावरच्या त्या एका खोलीच्या दुकानात टेप होती, पण ती खुंटीवर शोभेपुरती. शिवणकाम करणाऱ्या बाई गिऱ्हाइकाला डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळायच्या आणि थेट कात्री चालवायच्या. म्हणूनच सगळे त्यांना मापबाई म्हणत. आजवर साधी बाहीसुद्धा उसवायची वेळ आली नव्हती, आणि बाईंना त्याचा भारी तोरा होता.

नवरा गेल्यापासून मात्र मुलीने फोनवर एकच धोशा लावला होता. "आई, तुझे डोळे थकलेत, गुडघे कुरकुरतात. दुकान बंद कर आणि माझ्याकडे ये." शेवटी बाई वैतागल्या. "तुझ्या घरापर्यंत सायकलवर येऊन दाखवते. वाटेत गाडीत बसले, तर दुकानाला कुलूप. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही." मुलगीही त्यांचीच. बसच्या टपावर सायकल टाकून ती वर्षभराने घरी आली, सोबत करायला.

सीट बोचू नये म्हणून बाईंनी दोघींसाठी आतून गादी लावलेल्या चड्ड्या आधीच शिवून ठेवल्या होत्या. निघताना मुलीने आपली चढवली, वरून ढगळ जाकीट घातलं आणि म्हणाली, "झकास बसली." बाई खूश.

रस्ता मजेत सरत होता. बाईंचे पाय जन्मभर शिलाई मशीन चालवलेले, ते चढाला कसले दाद देतात. मुलगी मात्र मागे पडायची आणि सपाटीवरही उभ्यानेच पायडल मारायची. पोरीची ऐट बघा, असं बाई मनात म्हणाल्या.

दुसऱ्या संध्याकाळी लॉजच्या खोलीत मुलीने कपडे धुऊन वाळत टाकले. बाई ते सरळ करायला गेल्या, तर मुलीच्या चड्डीची शिवण ताणून उसवायला आलेली आणि आतून रक्ताचा पुसट डाग. त्या चड्डी मांडीवर घेऊन पलंगावर बसल्या.

"कधीपासून काचतेय?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"माप चुकलं म्हटलं असतं, तर नजर गेली म्हणून तू आपणहून दुकान बंद केलं असतंस."

"तुला तेच हवं होतं ना गं?"

मुलीने मान खाली घातली. "हवं होतं. पण तुला असं हिरमुसलेलं बघून नको."

बाईंनी मुलीला दिव्याखाली उभं केलं आणि पहिल्यांदाच नीट न्याहाळलं. गाल भरलेले, दंड मजबूत, मांड्या चांगल्या दणकट. तेव्हा त्यांना आपली चूक उमगली. पोर एकटी राहते, धड जेवत नसणार, वाळली असणार, या घोरात त्यांनी कापड जुन्या मापाहूनही दोन बोटं कमी कापलं होतं. नजर शाबूत होती. त्यांनी बघितलंच नव्हतं.

बाईंना हसू आवरेना. "मी काळजी करकरून तुला पार रोडावून टाकलं गं. आणि तू तर छान बाळसं धरलंयस." पिशवीतून सुईदोरा काढून त्या शिवण उसवायला बसल्या. सैल करायला आत दुमडलेलं कापड होतं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "एकटी राहून तू अशी ठणठणीत. मग मलाही राहू दे की."

मुलगी आईच्या शेजारी येऊन बसली.

"राहा," ती म्हणाली. "पण उद्या जरा हळू चालव. तुला गाठता गाठता माझा जीव जातो."