आकेंच्या डोळ्यांतला निळा

बिश्केकच्या आमच्या ऑफिसात जिपार एजेशी, म्हणजे जिपारताईशी, रंगावरून वाद घालायचा नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी तो रोज घालायचो. माझं काम आवाजाचं. बुडबुडे, साखळीची खडखड, पाण्याखालचा श्वास. पण कान तयार झाले म्हणून डोळे फुटले नव्हते ना माझे!

"एजे, हे पाणी आहे की कपड्यांची नीळ कालवलीय?"

"मामीर, तू तुझे बुडबुडे सांभाळ."

आम्ही बनवत होतो तो कॉम्प्युटरवरचा खेळ होता इस्सिक-कुल तलावाच्या तळाचा. तिथे बुडालेलं एक जुनं गाव, आणि हातात दिवा घेऊन त्यात उतरणारा पाणबुड्या. त्या सगळ्याचे रंग एजेच्या हाती. पन्नाशीला टेकलेली बाई. चष्मा कायम कपाळावर, शेजारी गार झालेला चहा. एका दगडावरचं शेवाळ मनासारखं होईना तर जेवायला उठायची नाही. खऱ्या पाणबुड्यांनी काढलेले फोटो तिच्याकडे ढीगभर होते. त्यांत पाणी करडं-हिरवं, आणि लाल म्हणून जे काही असेल ते काळपट पडलेलं. पण ते फोटो तिने बाजूला सारले होते, कारण तिचे वडील म्हणाले होते, "छे छे, आमचा तलाव असा मळका नाही."

वडील म्हणजे सुयुन आके; वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे आके म्हणतात. तलावाकाठी बालिक्चीला राहायचे. उभं आयुष्य त्यांनी बुडालेल्या होड्या आणि नांगर वर काढण्यात घालवलं. मग छाती बिघडली आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरणं बंद केलं. तेव्हापासून हा माणूस तलावाकडच्या खिडकीकडे पाठ करून बसायचा. एजेला ते बघवेना. तिने शब्द दिला, "आके, मी तुम्हाला परत खाली नेते. पडद्यावर का होईना. तुम्ही 'हाच तो' म्हणेपर्यंत माझी सुटका नाही." दर रविवारी ती लॅपटॉप घेऊन जायची. आके पडद्याला नाक लावून बघायचे आणि म्हणायचे, "अजून निळं हवं." ती करायची. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

आमचा साहेब तिलेक, तिच्याहून बराच लहान, मात्र खुशीत होता. "एजे, कसला भारी दिसतोय! लोक बघताक्षणी खुळे होतील." मला त्याचा असा राग यायचा! अरे, सगळंच निळंशार चमकतंय, तर त्या पाणबुड्याच्या हातातल्या दिव्याने करायचं काय?

एका रविवारी लाटांचा आवाज टिपायला मीही तिच्याबरोबर बालिक्चीला गेलो. चहा झाला, तळलेले बोरसोक खाऊन झाले, आणि आकेंनी आपली गोष्ट काढली. तळाशी एक रांजण आहे, तसा काळा दिसतो, पण दिवा जवळ धरला की निखाऱ्यासारखा लाल होतो.

"झाली सुरू थाप," एजेची आई, बात्मा आपा, म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून ऐकतेय. काळ्याचं लाल होतंय म्हणे!"

आपा शिरदाक, म्हणजे लोकरीचा नक्षीदार गालिचा, करायला बसल्या होत्या. दोन रंगांचे नमदे, दाबलेल्या लोकरीचे जाड थर, एकावर एक ठेवायचे, वरच्यावर खडूने नक्षी काढायची आणि दोन्ही एकदम कापायचे. मग एकाची नक्षी दुसऱ्याच्या खाचेत बसवून शिवायची. त्यामुळे खालचा नमदा कापून होईपर्यंत दिसत नाही. "म्हाताऱ्या, निळा खाली घाल, लाल वर," असं सांगून त्या सुरीला धार लावायला वळल्या. आकेंनी नमदे अंथरले, चारी कोपरे नीट जुळवले. आपांनी गुडघे टेकून दणक्यात सुरी चालवली. शिंगांची ती मोठी नक्षी, जाड लोकर, घाम फुटला त्यांना. शेवटी लाल उचलला.

खाली काळा.

"अरे देवा! कापला की रे सगळा! निळा सांगितला होता ना तुला?"

"निळाच आहे तो," आके म्हणाले.

एजेने कोपऱ्यातला निळा नमदा आणून काळ्याशेजारी ठेवला. आकेंनी दोन्हींवरून हात फिरवला, जणू हाताने रंग कळणार होता. एजेने लॅपटॉपकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"आके, कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं. मोतीबिंदू असेल. सगळं चहातून बघितल्यासारखं दिसतं, निळा त्यात काळाच."

"आणि मला बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तू डॉक्टरकडे नेलं असतंस. त्याने डोळा बिघडवला तर? पाणी गेलं माझं. आता तलाव दिसायचाही बंद झाला तर मी काय करू, पोरी?"

एवढा मोठा गडी, आणि आवाज हा एवढासा. एजे त्यांच्या गुडघ्यापाशी बसून रडली. मी आवाज टिपायचं यंत्र बंद केलं. तेवढी अक्कल आहे मला.

आपांनी निर्णय देऊन टाकला. "उद्या जायचं. एक डोळा करून बघू. बिघडला तर दुसरा आहेच."

आकेंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. इकडे एजेने सगळा निळा काढून टाकला आणि फोटोतलं करडं-हिरवं पाणी आणलं. तिलेकने डोक्याला हात लावला. "एजे, ही उकडलेली पालेभाजी कोण बघणार?"

मजा म्हणजे, या वेळी मला त्याचं पटलं. खरं होतं, पण बघवत नव्हतं.

एजे भांडली नाही. तिने आईकडून तो चुकलेला शिरदाक मागून आणला होता. आपांनी शेवटी लालात काळाच बसवून शिवला होता. तो भिंतीवर टांगून ती त्याच्यासमोर बसून राहिली. खरंच, निळ्याशेजारी लाल कधी एवढा पेटलेला मी पाहिला नव्हता. मग ती उठली आणि कामाला लागली. पाणी तसंच मळकं ठेवलं, बुडालेल्या गावातली भांडी तशीच काळी. फक्त दिव्याचा उजेड जिथवर पोचेल, तिथे आणि तेवढ्यापुरता त्यांचा खरा रंग उघडला.

आके आणि आपा बिश्केकला आले. तिलेकने हट्टाने आधी जुना निळा दाखवला. आकेंनी नवा डोळा बारीक केला. "हा कुणाचा हौद?"

"तुमचाच," मी म्हणालो. "दर रविवारी बनवून घेतलात."

एजेने नवा लावला. आकेंनी डावा डोळा झाकला, मग उजवा, मग पुन्हा डावा. "हाच तो," ते म्हणाले. एजेने माझा दंड असा आवळला की वळ उठला.

मग तिने त्यांच्या हातात बटणं दिली. पाणबुड्या हळूहळू खाली गेला. चिखलात एक काळा रांजण तिरका पडलेला. आकेंनी दिवा जवळ नेला.

रांजण लाल झाला.

त्यांनी दिवा लांब नेला. काळा. जवळ आणला. लाल. असं किती वेळ चाललं कोण जाणे. आपा मागून वाकून बघत होत्या, पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल सावरत.

"म्हणजे खरं सांगत होतास," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी आयुष्यभर थापाड्या म्हणत राहिले."

आके पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "जिपार, त्या दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊन टाक."