पुढं जायचा मान

कशेळ्याहून खालापूरकडच्या कारखान्यात मी आणि माझा एक सहकारी आपापल्या मोटारसायकलनं जातो. थंडीत रस्त्यावर धुकं दाटलं की हा सद्गृहस्थ कानटोपी खाली ओढतो आणि मला मान देतो. "तुमी व्हा फुडं, दादा. मी हाय मागं." मग माझ्या गाडीच्या लाल दिव्यावर नजर ठेवून निवांत येतो. पाठीशी उभं राहणं म्हणतात ते हेच असावं.

परवा वळणावर कुणीतरी खडीचा ढीग टाकला होता. मान माझा, त्यामुळे आडवाही मीच झालो. त्यानं शिताफीनं गाडी बाजूला घेतली, धावत आला, माझी गाडी उभी केली आणि तिचा मागचा दिवा रुमालानं मायेनं पुसला. मग माझ्या फुटलेल्या गुडघ्याकडं बघत म्हणाला, "दिवा शाबूत हाय. व्हा फुडं."