दादाच्या मांडीवरचा हात

पुस्तक आलं तेव्हा घरात मी एकटाच होतो, हे एक बरं झालं. कुरिअरवाल्याने खोका दारासमोरच्या खळ्यात टेकवला आणि म्हणाला, "काय मागवलास काय? लादी?" वजन तसंच होतं. उघडून बघतो तर आमच्या दशावतारी कंपनीवरचं पुस्तक. काळं कव्हर, त्यावर अर्धा रंगलेला चेहरा, आत गुळगुळीत पानं, आणि प्रत्येक पानावर आम्ही!

शहरातली एक फोटोवाली बाई तीन हंगाम आमच्या टेम्पोतून हिंडली होती. आरोंद्यापासून दोडामार्गापर्यंत जिथे जत्रा, तिथे ती. पहिल्या वर्षी आम्ही तिच्यासमोर पोटं आत ओढून बसायचो. तिसऱ्या वर्षी तिच्यासमोर घोरायलाही लागलो. चूक झाली ती तिथेच. माणूस आपला म्हटला की आपण सावध राहत नाही.

मी खळ्यातच बसून पानं उलटत गेलो. राजे, राक्षस, साडी नेसणारा आमचा स्त्रीपार्टी, सगळे झकास आले होते. मग 'साथसंगत' असं लिहिलेला भाग लागला. दोन पानं मिळून एकच फोटो. पेटीवर माझा दादा, त्याच्या शेजारी झांज घेऊन मी. दादाची नजर गाणाऱ्याच्या ओठांवर अशी खिळलेली की बाकी जग नाहीच. माझी झांज मांडीवर, आणि माझ्या उजव्या हाताचं एक बोट दादाच्या मांडीत रुतलेलं. रुतलेलं म्हणजे पँटीला खळगी पडलेली दिसत होती. खाली ओळ होती: 'सुरात बुडालेले दोन भाऊ.'

बुडालेले म्हणे! बाईला काय ठाऊक, आम्ही कशात बुडालो होतो ते.

दादाला ऐकू येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी काजूच्या बागेत बिया वेचताना त्यानेच मला सांगितलं. "माका वरचे सूर आयकाक येणत नाय रे," तो म्हणाला, "आणि खालचे पण आता लांब गेले." मला वाटलं, मस्करी करतो. मग गोव्यात डॉक्टरला दाखवलं. कानाचं मशीन लावून बघितलं, तर पेटी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते म्हणून त्याने ते दुकानातच काढून ठेवलं. घरी येताना मला म्हणाला, "कोणाक सांगा नको. वहिनीक पण."

कंपनीच्या मालकांना कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी पेटीवर दुसरा बसला असता. आमचे मालक वाईट नाहीत. पण आमच्या नाटकाला लिखित संहिता नाही, तालीम नाही. नट रंगात येऊन कुठून गाणं उचलेल ते त्याचं त्यालाही माहीत नसतं, आणि पेटीवाल्याने त्याला तिथल्या तिथे झेलायचं असतं. बहिऱ्या माणसाच्या हातात कोण देईल ते? आणि पेटी काढून घेतली की दादा म्हणजे काय उरतो, तेही मला ठाऊक होतं. एका पावसाळ्यात पेटी दुरुस्तीला गेली होती. बारा दिवस हा माणूस पडवीत बसून नुसता मोकळ्या हाताच्या बोटांकडे बघत होता. जेवण निम्म्यावर आलं होतं.

म्हणून आम्ही तोड काढली. कोण नट कुठल्या पट्टीत गातो ते दादाला पाठ होतं, आणि शब्द तो ओठांवरून वाचायचा. राहता राहिला तो एकच धोका, गाणाऱ्याचा आवाज बसला आणि सूर सरकला तर? त्यासाठी माझं बोट. नट पहिली ओळ ताल न धरता घेतो, तेव्हा झांज गप्प असते आणि माझा हात मोकळा असतो. एकदा दाबलं तर पट्टी खाली, दोनदा दाबलं तर वर. दोन हंगाम कोणाला संशय आला नाही. पखवाजवाला तर आमच्यापासून हातभर अंतरावर बसायचा, त्यालाही नाही. आणि आता हे दोन पानांवर, चांगल्या कागदावर, रंगीत!

मी काय केलं असेल? पुस्तक फडक्यात गुंडाळून तांदळाच्या पिंपात घातलं. पन्नाशी उलटलेला बाप्या माणूस मी, चोरीचे आंबे लपवावेत तसं पुस्तक लपवत होतो.

"खंय आसा ता पुस्तक?" दादा रोज विचारायचा.

"अजून येवक नाय."

"सगळ्यांका गावला, माकाच कसा नाय? बाईक फोन कर."

मी फोन कानाला लावून खोटंच बोलायचो. दादाला काय, माझे ओठ हलताना दिसले की पुरे. हे लिहिताना आज माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा जीव टांगणीला लागला होता. बाकीच्यांनी पुस्तक बघितलं, मालकांनी बघितलं, आणि कोणीतरी विचारणार की त्या हाताचं काय, म्हणून मी बाजारात जायचं टाळू लागलो.

पाचव्या दिवशी वहिनी तांदूळ काढायला गेली. "भावोजी, ह्या पिंपात काय लपयलात?" असं तिने ओरडून विचारलं आणि माझं बिंग फुटलं. दादाने पुस्तक मांडीवर घेतलं. त्या पानावर आला तेव्हा मी श्वास धरून उभा होतो.

"वा!" तो म्हणाला. "काय बरो इलो हा रे फोटो."

"दादा, माजो हात बघ."

"बघलंय. भावान भावाच्या मांडयेर हात ठेवलो, त्येच्यात काय मोठा? कोण बघता हात?" आणि तो परत पहिल्या पानापासून बघायला लागला. संध्याकाळपर्यंत त्याने ते पुस्तक खाली ठेवलं नाही. त्याला ते का सोडवत नव्हतं, ते मला समजत होतं. पुस्तकात कोणालाच काही ऐकू येत नाही. तिथे तो आणि आपण सगळे सारखेच.

मग बाईचा फोन आला. सावंतवाडीला हॉल घेतलाय, रविवारी सकाळी दहाला प्रकाशन. "आणि तुमच्या दादांची छोटीशी मुलाखत घेऊया, मग थोडं वाजवतील ते," ती म्हणाली. मी सांगितलं, दादाला बोलायची सवय नाही, त्याची तब्येत बरी नसते. बाई हसून म्हणाली, "अहो, मी त्यांना मेसेज केलाय. ते हो म्हणालेत."

शिरा पडो त्या मोबाइलवर!

दादा खुशीत होता. मी मुलाखत घेणाऱ्या निवेदकाला गाठून प्रश्न आधी लिहून मागितले. कॉलेजात शिकवणारा भला माणूस, त्याने पाच प्रश्न लिहून पाठवले. दादाने उत्तरं पाठ केली, क्रमाने. मी समोर बसून प्रश्न नुसते ओठांनी बोलायचो आणि तो उत्तरं द्यायचा. सगळं चोख बसलं होतं. "आता माका झोप लागतली," तो म्हणाला. मला मात्र दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी हॉलवर गेलो तर बैठकीवर तीन जणांचीच जागा. दादा, पखवाजवाला आणि गायला आमचा स्त्रीपार्टी. मी झांज घेऊन पुढे झालो तर साउंडवाला म्हणतो, "झांज नको, बंद हॉलमध्ये कर्कश येते." इतकी वर्षं देवळासमोर चालली ती झांज, हॉलमध्ये कर्कश झाली! मी भांडलो. बाईने हात जोडले, पाहुणे बसलेत म्हणाली. मला तिसऱ्या रांगेत बसवलं. पहिल्या रांगेत मालक होते, पांढऱ्या शर्टात, पुस्तक मांडीवर उघडं.

निवेदक उठला, त्याने माइक हातात घेतला आणि तोंडाला लावला. आमच्या नाटकात माइक वर टांगलेले असतात, नटाचं तोंड उघडं असतं. इथे त्या मेल्याचे ओठच दिसत नव्हते! एवढी तयारी केली आणि हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दादा थोडा पुढे झुकला. मग सावरून बसला. निवेदकाच्या भुवया वर गेल्या की प्रश्न संपला असं त्याने ठरवलं असावं. पहिलं उत्तर दिलं, बरोबर. दुसरं दिलं, बरोबर. मी हातरुमाल पिळत होतो. तिसऱ्याला निवेदकाने पुस्तक वर धरलं, तेच पान. "हा हात कोणाचा, आणि तो काय सांगतोय?" असा त्याने कागदावर नसलेला प्रश्न विचारला. दादाने शांतपणे तिसरं उत्तर दिलं: "ही सगळी माझ्या गुरूंची कृपा." हॉलमध्ये हशा आणि टाळ्या. लोकांना वाटलं, काय हजरजबाबी माणूस आहे! दादाही हसला. मालक हसले नाहीत. त्यांनी मांडीवरच्या पानाकडे बघितलं आणि चष्मा पुसला.

उरलेले दोन प्रश्नही निभावले. मग गाणं. स्त्रीपार्टी चार दिवस तापाने पडून होता, हे मला त्याने तोंड उघडल्यावर कळलं. नेहमी काळी तीनमध्ये गाणारा माणूस, आज पांढरी चारवर, म्हणजे लगतच्या खालच्या पट्टीवर, उतरला होता. दादाने त्याचे ओठ बघितले, मान हलवली आणि पेटी सुरू केली. काळी तीनमध्ये.

काय सांगू तुम्हाला. एका पट्टीचं अंतर, पण ऐकणाऱ्याच्या दातांतून कळ जावी. पखवाजवाल्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. स्त्रीपार्टी बिचारा आवाज चढवून पेटीला गाठायला गेला, तर त्याचा घसा चिरकला. आणि दादा डोळे मिटून, मान डोलवत, लोकांसाठी म्हणून मुद्दाम रंगून वाजवत होता. बाहेरच्या पाहुण्यांना वाटलं असेल, हे असंच असतं. ते टाळ्यांनी ठेका धरत होते.

मी उठलो नाही. उठलो तर मालकांच्या मांडीवरचा फोटो त्यांना समोर जिवंत दिसणार होता. बसून राहिलो तर माझा भाऊ भरल्या हॉलमध्ये हसऱ्या तोंडाने बेसूर वाजवत राहणार होता. एक आख्खं कडवं मी खुर्चीचे हात धरून बसलो. मग मला ते सहन झालं नाही. मी वर गेलो, त्याच्या शेजारी टेकलो आणि मांडीवर एकदा बोट दाबलं.

दादाने डोळे उघडले. हात न थांबवता, पुढच्या ओळीला तो पांढरी चारवर उतरला, असा अलगद की पाण्यात पाय सोडावा. सूर जुळला. स्त्रीपार्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या पडल्या, फोटोवाल्या बाईने उभं राहून भराभर फोटो काढले. दादा माझ्याकडे बघत होता.

नंतर चहाच्या टेबलाशी मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कप टेबलावर ठेवला. "माका सांगूक होया होता तुमी," ते म्हणाले. "मी ह्येच्या तोंडार बोलाचंय नाय, माज्यान होवचा नाय. तूच सांग. ह्या हंगामाक पेटयेर दुसरो बसतलो."

आम्ही एसटी स्टँडवर येऊन बाकावर बसलो. गाडीला अवकाश होता. पुस्तकाची पिशवी दोघांच्या मधे. दादाने वळून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"किती वेळ चुकत होतंय?"

"एक कडवा."

"आणि लोक टाळये वाजवत होते?"

"होय."

"मगे ह्या दोन वर्सांत जे टाळये पडले," तो म्हणाला, "ते खंयचे खरे, ता मी कसा ओळखतलंय? माका तुज्या बोटाशिवाय दुसरा काय नाय. खरा सांग. दर वेळी दाबलंस?"

होय म्हणणं सोपं होतं. पण रेडीच्या जत्रेत मला पेंग आली होती. त्याआधी एकदा अर्धे लोक झोपलेत, कोणाला कळतंय, म्हणून मी हात उचललाच नव्हता. आणखीही काही वेळा असतील. तो तेव्हाही असाच मान डोलवत वाजवत होता.

"नाय दादा," मी म्हणालो. "दर वेळी नाय."

त्याने माझे ओठ परत एकदा बघितले, बरोबर वाचलं ना म्हणून. मग त्याने तोंड पलीकडे फिरवलं. मी बोलत राहिलो. माफी मागितली, रेडीचं सांगितलं, मालकांचा निरोप सांगितला, सगळं सांगितलं. बाकावरचे चार लोक माझ्याकडे बघत होते. दादा गाड्यांकडे बघत होता.