दीड इंच समास

आमच्या घरात इंग्रजी फक्त मला येत होतं आणि ही गोष्ट मी कोणालाही विसरू देत नव्हते.

साल नव्याण्णव. रत्नागिरीजवळच्या पावस गावातल्या घरात अण्णा, आई, आत्या, मी आणि धाकटा सुहास. मी नुकतीच बी.ए. होऊन दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेत होते, त्यामुळे वाक्याची सुरुवात मोठ्या अक्षराने न करणारा माणूस मला दरोडेखोर वाटे. (सुहासच्या मते मी झोपेतसुद्धा पूर्णविराम देत असे.) अण्णांशी तर कायमची कुरबुर. त्यांच्या पत्रात पहिला पूर्णविराम यायचा तो 'कळावे, लोभ असावा' नंतर.

"अण्णा, वाक्य संपलं की थांबायचं असतं."

"मी थांबलो की तुझी आई बोलायला लागते."

सुहास आयटीआयमध्ये फ्रिज-एसीचं काम शिकून दोन वर्षं घरी बसला होता. लग्नाकार्यात चार जण विचारत, "सध्या काय करतोस?" शेवटी त्याने लग्नांना जाणंच सोडलं. जेवायलाही सगळ्यांचं उरकल्यावर बसायचा. अशात मुंबईच्या एका कंपनीची जाहिरात आली. मेकॅनिक पाहिजेत, अर्ज इंग्रजीत, एका उमेदवाराचा एकच अर्ज. सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं आणि मी अशी मान डोलावली, जणू कंपनी माझीच होती.

तीन दिवस मी अर्ज रचत होते. 'सर'नंतर स्वल्पविराम, प्रत्येक पूर्णविरामानंतर दोन घरं मोकळी, दोन परिच्छेदांत एक ओळ सोडलेली. आई म्हणाली, वर 'श्री' घाल. मी म्हटलं, औपचारिक इंग्रजीत श्री नसतो.

"साहेबाची तब्येत तरी विचारलीस का गो?" आत्या म्हणाली.

"औपचारिक पत्रात तब्येत विचारत नाहीत, आत्या."

"मग पत्र कसलं गो ते? नोटीस म्हण."

रत्नागिरीला जाऊन टायपिंग क्लासमध्ये अर्ज टाइप करून आणला. डावीकडे दीड इंच समास, बाकी तिन्ही बाजूंना एकेक इंच. कागद इतका देखणा झाला होता की त्याची घडी घालायला माझा हात धजेना. तो टेबलावर ठेवला, शेजारी तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आणि शिकवणीला जाताना बजावलं, "सुहासची सही घ्या आणि अकराच्या आत पोस्टात टाका."

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. पांढरी जागा शिल्लक असेपर्यंत आमच्याकडून आंतर्देशीय पत्र बाहेर पडत नसे. मधला मजकूर अण्णांचा, डावी कड आईची, उजवी आत्याची आणि डिंकाच्या पट्टीलगत शेजारच्या काकूंचा नमस्कार. कोरी जागा ठेवणं म्हणजे ताटात अन्न टाकणं. आणि मी तर कागदाच्या चारी बाजू मोकळ्या सोडून गेले होते.

परत आले तेव्हा अण्णा झोपाळ्यावर होते.

"टाकलंत?"

"टाकलं."

"सुहासनं सही केली?"

"सगळ्यांनी केली."

मी दारातच बसले.

"एवढी मेली जागा सोडलीस," आत्या कौतुकाने म्हणाली, "म्हटलं आमच्यासाठीच ठेवलीस. चार शब्द लिहिले."

ते चार शब्द असे. आईने डावीकडे लिहिलं होतं, की सुहासला दूध पचत नाही, उपाशी राहील पण मागणार नाही, तरी लक्ष असावे. आत्याने उजवीकडे, की पोरगा घोरतो पण खोटं बोलत नाही, शेजारणीचा फ्रिज दिवसभर खपून दुरुस्त केलान आणि चहासुद्धा घेतलान नाही. अण्णा वरच्या बाजूने 'श्री' घालून सुरू झाले आणि बागेभोवती दगडी गडगा घालावा तसे उरलेल्या जागेतून फिरून आले. साहेबांची तब्येत, मुंबईचा उकाडा, यंदाचा मोहोर, मे महिन्यात सहकुटुंब यावे, आणि अखेरीस, मुलाला कोणापुढे मान खाली घालावी लागू नये एवढीच इच्छा. (पूर्णविराम एकही नव्हता, हे मला न विचारता कळलं.)

सुहास सही करून मागच्या आगरात माडांना पाणी घालायला गेला होता. त्याला हे आत्ताच समजत होतं. "जाऊ दे ताई," तो म्हणाला. "तसंही कुठे होणार होतं?"

ते ऐकून मला रडू आलं. तशीच पोस्टात धावले. टपालाची थैली केव्हाच एसटीत चढली होती.

"पण मास्तर, त्यात भलतंच लिहिलंय."

"भलतं कुठे? अण्णांनी मला वाचून दाखवलं," पोस्टमास्तर म्हणाले. "मे महिन्याचं आमंत्रण मीच सुचवलं."

दुसरा अर्ज चालणार नव्हता. मग मी हुशारी केली. त्याच दुपारी कंपनीला इंग्रजीत माफीचं पत्र लिहिलं. 'माझ्या भावाच्या अर्जातील समासाच्या मजकुराकडे कृपया दुर्लक्ष करावे.' विरामचिन्हं अचूक. या खेपेला मोकळ्या समासावर मी स्वतःच तिरक्या रेघा मारल्या आणि पाकीट स्वतः पेटीत टाकलं. पुढचे पंधरा दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही.

मुलाखतीचं बोलावणं आलं. सुहास मुंबईला गेला आणि तिसऱ्या दिवशी नोकरी घेऊन आला. त्या दिवशी तो आमच्या सगळ्यांच्या पंक्तीत जेवायला बसला. आईने त्याला दोनदा भात वाढला आणि पदराने डोळे पुसले.

"साहेबांच्या टेबलावर अर्जांचा ढीग होता," तो सांगायला लागला. "माझा त्यांनी उघडलाही नव्हता. तेवढ्यात तुझं पत्र गेलं, दुर्लक्ष करा म्हणून. मग म्हणाले, शोधा रे तो अर्ज. साहेब मराठी वाचणारे निघाले. कागद फिरवून फिरवून सगळं वाचलं म्हणे. मी आत गेल्यावर पहिला प्रश्न, दूध पचत नाही ना? मग चहा कोरा सांगू?"

आज सुहासचं स्वतःचं दुकान आहे आणि तो प्रत्येक लग्नाला आधी हजर असतो. ते त्या तिघांमुळे, हे मी मनापासून मानते. त्यांनी कडेकडेने लिहून जे मागितलं, ते मला मधोमध टाइप करूनही मागता आलं नव्हतं. त्यांचे उपकार माझ्याच्याने फिटणार नाहीत.

पण त्या जेवणात माझ्याच्याने राहवलं नाही. "आणि मधला मजकूर? माझं इंग्रजी कसं वाटलं त्यांना?"

सुहास आमटीच्या वाटीत बघत राहिला. "तो वाचायचा राहिला म्हणाले."

म्हणजे साहेबांनी माझ्या विनंतीला मान देऊन दुर्लक्ष केलं होतं. फक्त ते मधल्या मजकुराकडे केलं.